फॉर्मची मागची बाजू

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
फॉर्म घेऊन गेले विश्वामित्रीच्या काठी, जशीबेनच्या चाळीत.
काय गेलं, किती गेलं, काय नाही, कधीपासून नाही:
रकाने छापूनच आलेले.
भिंतींवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ.
पेटी? गेली. शिलाईचं मशीन? गेलं. नळ?
तो पुराआधीही नव्हता.

जशीबेन म्हणाली, बेस ने, आधी चा.
दूध खातूनबीकडचं,
साखर वरच्या मजल्यावरून दोरीनं उतरली.

मग तीच विचारायला लागली.
मगर जिन्याशी आली तेव्हा पहिली शीळ कोणाची, लिहिलंस?
चौथीत तीनदा बसलेल्या दिगंबर मोहित्याची.
पाण्यावरचा बुडबुडा बघून सांगतो तो, मासा की मगर.
आणि समोरच्या गच्चीवर दोर कसा पोचला?
पाऊस थांबला तेवढ्यात इक्बालनं
उत्तरायणातला उरलेला प्लॅस्टिकचा पतंग चढवला,
मांज्याला सुतळी, सुतळीला दोर.
कोणाचा कापला नव्हता,
तरी भर श्रावणात सगळे ओरडलो, काप्यो छे!
त्या दोरावरून इन्शुलिन आलं, भाकऱ्या आल्या,
कोणाचं तरी रडणारं पोर हसवायला
एक खुळखुळाही आला, न मागता.

मी फॉर्म उलटा केला. मागं कोरं होतं.
ते भरलं, समासही भरला.
ऑफिसात विचारतील, हे कुठं नोंदवायचं.
विचारू देत.

निघताना जशीबेननं कागद पुन्हा सुलटा केला,
बोट ठेवून म्हणाली,
नळाचं मात्र खोडू नकोस हं.
तो हवाच आहे.