सतरा खडे

बांबोळीहून आले ती बाटली घेऊन.
आत सतरा खडे.
अर्धं कुंभारजुवे बघून गेलं.
कुणी म्हणालं अळसांद्याएवढे, कुणी म्हणालं छे, मिरी.
फेलिसियानं तर बाटली कानाशी धरून वाजवली,
मी हसले, आणि पोटावर उशी दाबून
हसण्याची कळ जिरवली.

पित्ताच्या पिशवीची चौकशी कुणीच केली नाही.
मीही नाही.
जन्मभर शिवण केलेल्या बाईला
हे सुचू नये?
साधी चिंधीसुद्धा मी तशी टाकत नाही,
उजेडात धरून वीण बघते आधी.
तिथंही कुणीतरी बघितली म्हणे,
काचेखाली.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेले.
डॉक्टर प्रियोळकर, माझ्या धाकटीच्या वयाची.
टाके बघून ठेवले होते मी: सारखं अंतर,
गाठ कुठं दिसत नाही.
म्हटलं, हात चांगला आहे तुझा.
ती हसली नाही.
रिपोर्ट आलाय, म्हणाली,
आणि मग बराच वेळ बोलत राहिली.
मला ऐकू आलं ते एवढंच:
परत उघडावं लागेल. तिथंच. थोडं खोल.

शिवण अजून धरलीसुद्धा नाही गं,
असं म्हणायचं होतं. म्हणाले,
बरं.

बसमध्ये रोहिदासनं फाईल मांडीवर सपाट धरली होती,
सांडेल काहीतरी, अशी.
पुलावर समोरून ट्रक आला, आम्ही थांबलो.
ओहोटी. उघड्या चिखलावर एक ओंडका,
नाहीतर मानगा.
हलेपर्यंत कळत नाही.
माहेरी भोमला पौषातल्या अवसेला
बांधावर चिखलाचा मानगा थापायचे,
पाठीवर शिंपल्यांची खवलं.
बाबा म्हणायचे, आपल्या हातानं घडवला
की भीती मापात येते.
ह्याचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलंय.
पूल संपेपर्यंत मी इंचात करून बघितलं:
शर्टाच्या कॉलरला लावतात
त्या बटणाएवढंही नाही.

संध्याकाळी पोदेर आला भोंगा वाजवत.
चार उंडे मोजून दिले, सायकल टेकवली,
म्हणाला, खडे बघू तरी.
दाखवले.
सगळे निघाले ना?
खडे सगळे निघाले, म्हटलं.

धाकटीला अजून फोन केलेला नाही.
फेलिसियाच्या नातीचा कोमुन्यांवचा झगा
एका बाहीवर अडलाय. रविवारी हवा.
पायमशीन मारायचं नाही, सक्त सांगितलंय.
रोहिदास काही न बोलता शेजारी बसला,
पाय त्याचा, कापडावर हात माझे.
चाळीस वर्षांत कधी मशीनला शिवला नव्हता हा माणूस,
मध्येच सुसाट, मध्येच ठप्प,
सावकाश रे, सॅटिन आहे, म्हटलं
तर डोळे पुसायला त्यानं पायच काढून घेतला.
दोनदा धागा तुटला.
दोनदा ओवला.

बाही तिरकी बसलीय जरा.
उद्या उसवीन.