डावीकडची वेल

रकाना पाचवा : पिकाचे नाव.
रकाना सहावा : अंदाजे उत्पादन, किलोमध्ये.
गावडोंगरीच्या त्या उतारावर
खात्याचा कागद मला पहिल्यांदाच
इतका पांढरा दिसला.

शेवंते वेळीप उकिडवी बसलेली,
गालात पान, उत्तराची घाई नाही.
"हीं काटेकणगां. थंयचीं कोनफळां.
आनी हें माझ्या नणंदेन दिल्लें, ताका नांव ना."
मी लिहिलं : स्थानिक जात, अज्ञात.
तिने माझ्या अक्षराकडे पाहिलं
चिरण्याआधी सुरणाकडे पाहतात तसं,
हाताला तेल लावावं की नको या विचारात.

"आणि किलो?"
"भुंयेच्या पोटांतलें कोण मेजता गो?"

मग उठली. वाळलेली वेल खाली जिथे मातीत शिरते
तिथून वीतभर लांब कुदळ थांबवली.
पुढचं सगळं बोटांनी.
बराच वेळ नुसती माती निघत होती,
एक गोगलगाय, काजूचं जुनं मूळ,
मी घड्याळ पाहिलं, चावडीची बस दोनला.
मग आला तो. मांडीएवढा,
केसाळ, टाचेसारख्या भेगांचा,
आणि खालून थंड,
माघातल्या दुपारीसुद्धा.

कोयत्याने त्याचं डोकं उतरवलं,
कापाला राख फासली,
आणि डोकं त्याच खड्ड्यात परत ठेवलं.
दुसऱ्याचं मला दिलं, केळीच्या सोपट्यात बांधून.
कडेचे दोन आळे तिने खणलेच नाहीत.
ते साळिंदराचे, म्हणाली,
हा डबा शेजाऱ्यांचा, असं आपण म्हणतो तेवढ्या सहज.

निघताना शिकवलं :
काठीवर उजवीकडून चढली तर कोनफळ,
डावीकडून चढली तर काटेकणगां,
रात्री हातानेसुद्धा कळतं.
पानाच्या बगलेत लोंबायला लागले तर करांदे,
ते राख घालून दोनदा उकड,
नाहीतर जिभेशी तुझं तू बघ.

फोंड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
तेलाच्या डब्यात ते डोकं
मे संपेपर्यंत मेल्यासारखं पडून होतं.
आता ग्रिल भरून गेलंय.
खालचे बोरकर म्हणतात, माती गळते.
साहेब म्हणतात, वेळीपबाईंचा फॉर्म कुठाय?
रकाना पाचवा खोडून खोडून भोक पडलंय,
सहाव्याला मी हात लावलेला नाही,
डब्यालाही नाही.

वीज गेली की बाल्कनीत जाते,
दोन बोटांत वेल धरते, वर सरकते.
डावीकडे.
म्हणजे काटेकणगां?
पण बुडाशी काटे नाहीत,
पान जरा रुंद आहे,
आणि त्या नणंदेचं नाव
विचारायचंच राहून गेलं.