आवाज येतो, चित्र नाही

"आवाज येतो, चित्र नाही,"
एवढंच सांगून इव्हेटनं ते काउंटरवर ठेवलं.
जांभळं, तळहाताहून थोडं मोठं,
मागचे स्क्रू एका जातीचे नाहीत,
म्हणजे आधी कुणीतरी उघडलेलं.

"रॉयस्टननं नवा पडदा घातला. उजेडाचा.
घातला, आणि तिसऱ्या दिवशी स्विंडनला गेला."

कुडचड्यात असं पुष्कळ असतं.
काहीतरी अर्धवट उघडून माणसं विमानात बसतात.

मी बटण सरकवलं.
टिंग.
मेंदू जागा, डोळे मिटलेले.
ज्यानं शेवटी हात लावला, चूक त्याची:
हा माझ्या धंद्याचा पहिला नियम,
आणि, सांगून टाकतो, आळसाचाही.

म्हणून आधी त्याची पट्टी काढली,
पुसली, परत सरकवली, खटका लावला.
टिंग. अंधार.
मग भिंगाखाली त्याचे डाख पाहिले.
चार तारा, चार डाख,
नवशिक्याचे, कथील सढळ हातानं ओतलेलं,
एकाशेजारी प्लास्टिक वितळल्याचा डाग,
तिथं इस्त्री थरथरली असणार.
मीटरचं टोक टेकवलं. बीप.
पुढच्यावर. बीप.
चारही बोलले.

"रोज मेसेज करतो," ती म्हणाली,
"'हांवें मोडलें, हांवें मोडलें.'
रात्रभर गोदामात खोके उचलतो,
पहाटे खोलीवर येतो आणि हेच विचारतो."

नवे सेल घातले. दोन मिळून तीन व्होल्ट.
आत बोर्डावर मोजले तर दोन पॉइंट एक.
वाटेत कुठंतरी गळत होतं.
जुन्या पडद्याचं तेवढ्यात भागायचं,
त्याला स्वतःचा उजेडच नव्हता,
बाहेरून उसना घ्यायचा.

"बलकांवातल्या बल्बखाली बसायचो,"
इव्हेट मीटरकडे बघत म्हणाली,
"डोक्याला डोकं लावून.
जरा तिरकं धरलं की त्याला दिसायचं, मला नाही.
मग मारामारी."

राहिला स्वीच.
त्याला कुणीच हात लावला नव्हता,
कारखान्यातून आला तसा बसून होता.
पत्र्याचं झाकण उचकटलं.
आत लाल.
आधी गंज वाटला. बोटावर घेतला, चोळला,
आणि ओळखलं:
सावर्ड्याच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक
एकामागे एक लागायचे, त्या वेळची धूळ.
ट्रक थांबले, चालले, पुन्हा थांबले,
माझी पाटी मी किती वेळा धुतली,
आणि ही इथं, मुगाच्या डाळीएवढ्या खोलीत
बिनभाड्यानं राहिली होती.

स्पिरिटचे तीन थेंब.
पहिली कापसाची काडी लाल,
दुसरी गुलाबी,
तिसरी निघाली पांढरी.
बटण वीसदा मागं-पुढं केलं.
दोन पॉइंट नऊ.

टिंग,
आणि भर दुपारी, साडेतीनच्या उन्हात
इव्हेटच्या हनुवटीवर निळा उजेड पडला.
तिनं ते शटरच्या सावलीत नेलं,
सवयीनं तिरकं धरलं,
मग दुसऱ्या बाजूला तिरकं.
दोन्हीकडून दिसत होतं.
कुणी कुणाला खेटून बसायची गरज उरली नव्हती.
ती काही बोलली नाही.

मी साठ रुपये सांगितले. तिनं शंभर दिले,
सुटे शोधायला मला वेळ लागला.

"त्याला काय लिहू?"
लिही, बाय: डाख पक्के आहेत.
जाडे आहेत, पण पक्के.
धूळ होती, तुमच्या आधीची.

तिनं पहिलं वाक्यच लिहिलं, आणि पाठवलं.
तो तिकडे नुकता झोपला असणार.

ती गेल्यावर ट्रे आवरायला घेतला.
उघडताना सहा स्क्रू मोजले होते,
लावताना सहा.
हा सातवा.
उजेडात धरून पाहिला, नवाच होता, चकचकीत.
डबीत टाकला,
तिथं असे बरेच आहेत.