शुक्रवारची हजेरी

रुवीत, लाँड्रीच्या माळ्यावर
आमचं जंक्शन: आठ बाय चार, प्लायवूडचं.
रूळ पुसले की आठवड्यात पुन्हा वाळू.

माणसं गळू लागली तेव्हा
टिपणीसांनी कामं वाटली, अशी
की एक जण नाही आला तर गाडी अडावी.
कुरियाकोसकडे सांधे,
खमीसकडे बोगदा,
मला फक्त शिट्टी.

मार्चात टिपणीसांचा व्हिसा संपला.
सिग्नलची किल्ली त्यांच्याबरोबर गेली.
चुकून,
असं ते म्हणतात.

आता शुक्रवारी इथे सहा,
मनमाडला साडेसात.
फोन स्पीकरवर:
"पडला का सिग्नल?"
"नाही अजून."
"मग पाडा की!"

खमीस करंगळीने हात खाली करतो.
त्याला केव्हाही करता आला असता.
मी शिट्टी देतो,
जरा लांब,
तिकडे पोचेल इतकी.