सांगण्याजोगं दुखणं

डाव्या खुब्याचं हाड आतून वाळलं होतं,
रक्तच पोचत नव्हतं तिथवर.
डॉक्टर गावंड्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला,
टरबूजवाला मारतो तशी टिचकी मारली फिल्मवर
आणि म्हणाले, पोकळ झालाय. बदलू.

मेडिकलच्या वॉर्डात एप्रिल. कूलरमध्ये पाणी नाही.
फाईलवर माझ्या नावाशेजारी तांबडं टिंब,
ऑपरेशनच्या यादीत मी शेवटची.
पहाटेपासून उपाशी, अडीचला आत नेलं.
शेवटची का, हे विचारलं नाही.
सोळा वर्षांत न विचारायची सवय होते.

सिस्टर तेवढी कानाशी वाकली,
"काउंट चांगला आहे तुमचा. व्हायरस तर रिपोर्टात सापडतच नाही.
भरते जखम. सगळ्यांसारखीच भरते."

भरली. पू नाही, ताप नाही.
चौथ्या दिवशी वॉकर धरून संडासापर्यंत गेले
अन् भिंतीला टेकून रडले,
दुखत नव्हतं म्हणून.
वीस वर्षं टिकतो हा, म्हणाले.
याच आवारात, पलीकडच्या इमारतीत,
एका कंपाउंडरनं मला दोन वर्षं दिली होती.

मग पाचपावली, पुलाखालची गल्ली.
आणि माणसं आली!
हेडाऊमामी डाळिंबं घेऊन,
भिशीच्या बायका सगळ्या एकदम,
सतरंजी कमी पडली.
"काय झालं बाप्पा एकाएकी?"
"खुबा बदलला," मी म्हटलं,
केवढ्यानं म्हटलं, पार गिरणीपर्यंत जावं असं.
कोणत्या धातूचा, केवढ्याचा, आत वाजतो का,
सगळं विचारलं त्यांनी, सगळं सांगितलं मी,
पातळ सरकवून टाकेसुद्धा दाखवले.

रोज रात्री नऊच्या गोळ्या
ज्वारीच्या डब्यात असतात, ज्वारीच्या खाली.
त्यांना बघायला कधी कुणी आलं नाही.
यांच्या मयतीतही मी कावीळच सांगितली होती.

वर्षानं तपासणी. कोवळा डॉक्टर, हातात फॉर्म.
किती चालता? गोळीबार चौकापर्यंत, येताना पिशवी घेऊन.
मांडी? घालत नाही, तुम्हीच नको म्हणालात.
वेदना, शून्य ते दहा?
मी जरा थांबले.
शून्य, म्हटलं.
त्यानं खाली लिहिलं, निकाल उत्तम.

बाहेर बाकावर एक पोरगा, पस्तिशीचा,
काठी गुडघ्यांत धरून बसलेला.
चेहरा ओळखीचा, पलीकडच्या रांगेतला,
दर महिन्याला मान खाली घालून उभा राहणारा.
त्यानंही मला ओळखलं, मग फरशीकडे पाहिलं.
"काकू, तुमचं काय?"
"खुबा."
"माझाही. पुढच्या मंगळवारी."
मी सरकून जागा केली.
वॉकर कुठला घ्यायचा, उशी पायांत कशी ठेवायची,
कमोडची खुर्ची भाड्यानं कुठे मिळते,
बराच वेळ बोललो आम्ही,
फक्त खुब्याबद्दल.