चेहरा जुळतो का

आईचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं
तेव्हा एजंट म्हणाला, महिन्याला बारा टक्के द्या
आणि निवांत झोपा.
मी म्हटलं, चाळीस वर्षं ग्रिम्सबीच्या धक्क्यावर
मासळीची पेटी न पेटी मोजून घेतली,
एक भाडेकरू पारखता येणार नाही मला?

मग नियमावली छापून आणली वाचनालयातून.
तीन दिवस ती टेबलावर, चहाच्या कपाखाली.
राहण्याचा हक्क आहे का, ते तपासा.
कुणाचा? तर सगळ्यांचा.
नाव ऐकून, रंग बघून, बोलण्याची ढब हेरून
एकालाच विचाराल तर भेदभाव.

पहिला आला केनी ब्लँचर्ड, मागच्याच गल्लीतला.
त्याच्या बापाबरोबर मी बर्फ फोडलाय.
"पासपोर्ट?" मी विचारलं, त्याच्या बुटांकडे बघत.
केनी हसला. मग हसायचा थांबला.
"नॉर्मन, माझ्या बाप्तिस्म्याचा केक खाल्लायस तू."
खाल्ला होता. मनुक्यांचा.
पण केक कुठल्याच यादीत नाही.
जो कधी समुद्रापलीकडे गेला नाही
तो पासपोर्ट काढेल कशाला?
"जन्मदाखला चालेल, सोबत लायसन्स," मी पुटपुटलो.
"शोधतो," म्हणाला, आणि दार
जरा जास्तच जोरात लावून गेला.

संध्याकाळी सेमहार आली.
वृद्धाश्रमातली पाळी उरकून, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी.
मी तोंड उघडायच्या आत फोन पुढे.
नऊ अक्षरांचा कोड, पाढ्यासारखा पाठ.
मी एका बोटाने टाईप केला, दोनदा चुकलो,
तिने दोन्ही वेळा पहिल्यापासून म्हणून दाखवला, न कंटाळता.
मग जन्मतारीख.
एक जानेवारी.
"वा! फटाके उडताना जन्म!"
"ती साहेबांनी लिहिली," सेमहार म्हणाली.
"मला वर्ष माहीत होतं. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.
त्या दिवशी रांगेत आम्ही सात जण होतो,
सातही एक जानेवारीचे."

मी बटण दाबलं.
खोट्या तारखेने खरं पान उघडलं.

पानावर फोटो.
नियम सांगतो, समोरचं माणूस तेच आहे ना, खात्री करा.
खात्री करायची म्हणजे बघायचं.
चष्मा पुसला. बघितलं.
फोटोतली पोरगी भिंतीला टेकलेली,
जणू भिंतच पुढे सरकत येतेय.
समोरची, आईच्या खुर्चीत, हात मांडीवर,
डाव्या भुवईवर एक बारीक व्रण, जो फोटोत नाही.
(विचारायचं नव्हतं. तेही कुठल्या यादीत नाही.)
डोळे तेच.
बेरिल गेल्यापासून कुणाच्या चेहऱ्याकडे
इतका वेळ बघितलं नव्हतं मी.
तिने नजर वळवली नाही. सवय असावी.
मलाच खिडकीकडे बघावं लागलं.

पान छापलं, तारीख घातली, सही केली.
घर सोडल्यावरही वर्षभर जपून ठेवायचं हे.
तिची मुदत चार वर्षं दोन महिने,
संपायच्या आत पुन्हा तपासायचं.
मी त्र्याहत्तरचा.
माझी मुदत कुणी छापलेली नाही, एवढाच काय तो फरक.

किल्ली अजून दिली नव्हती.
केनीला शनिवारपर्यंत वेळ दिला होता, शब्द म्हणजे शब्द.
तिला तसं सांगितलं. मान हलवली तिने.
उठताना विचारलंच मी,
"मग खरा जन्म कधीचा?"
"आई म्हणायची, सातू कापून झाला त्या आठवड्यात."

शनिवारी केनीचा फोन आला,
दाखला सापडला, पण बहिणीकडेच राहतो म्हणाला,
तुझे कागद तुलाच लखलाभ.
ते लागलं. अजून लागतं.

किल्ली सेमहारला दिली.
भिंतीवरच्या कॅलेंडरात सातूची कापणी कुठे असते
मला काय ठाऊक. माझा जन्म कॉड आणि हॅडॉकमधला.
ऑक्टोबरच्या कडेला, पेन्सिलीने,
"सातू?" लिहून ठेवलंय.
भेटली की विचारीन.