हात बसेपर्यंत

टॉवेल घाल खाली, पेयोमामा म्हणतो,
नाहीतर काचेवरून निसटतात चिप्स
आणि एक नंबरमधला ट्रकवाला भिंत ठोकतो.
मोटेलचाच टॉवेल. कडेला विटक्या निळ्या अक्षरांत
'विनेमका, नेवाडा'.
मी घडी घालते. रात्रीचे दोन वाजलेत.
बाहेर मालगाडी, डबे मोजून संपत नाहीत.

सहाच घे. तीन लाल, तीन हिरव्या.
वीस घेऊन बसतात ते आठवड्यात सोडतात.

पुलापलीकडचं कॅसिनो बंद पडलं
तेव्हा मॅनेजरनं पोतंभर चिप्सना
ड्रिलनं मधोमध भोकं पाडली,
कुणी वटवायला येऊ नये म्हणून.
त्यातली एक पिशवी मामाला दिली निरोपाला.
एकतीस वर्षांची नोकरी,
कोटाच्या बटणांसारखी दिसते.

दोन चळती कर. शेजारी. चिकटून.
अंगठा, तर्जनी या चळतीला,
अनामिका, करंगळी त्या चळतीला,
मधलं बोट दोघींच्या सांध्यावर.
आणि मग?

मग मामा थांबतो.
त्याचा उजवा हात मांडीवर आहे,
फेब्रुवारीपासून तिथेच आहे,
बसमध्ये कुणी विसरलेल्या हातमोज्यासारखा.
इतकी वर्षं तो हातच सगळं जाणायचा,
तोंडाला कुणी विचारलंच नव्हतं.
आता अर्धे वाकडे ओठ शोधताहेत
की आधी अंगठा दाबतो
की आधी मधलं बोट उचलतं.

'उचलू नकोस,' तो म्हणतो.
बऱ्याच वेळानं: 'उचल.
पण उचलल्यासारखं नको.'

मी हसते. तो हसत नाही.
बास्कमध्ये काहीतरी पुटपुटतो,
त्याचे वडील हट्टी मेंढ्यांना म्हणायचे ते.

चिप्स फुटतात चहूकडे.
एक बर्फाच्या मशीनखाली गेली ती गेलीच.
तिच्या जागी पिशवीतून दुसरी लाल.
नवव्या रात्री करंगळीच्या पेराला फोड.
बाराव्या रात्री मी झोपेत ब्लँकेटची कड चिवडत होते,
म्हणजे कुठेतरी, काहीतरी, मुरतंय.

चावी परत करायला आलेला म्हातारा ऑर्व्हिल टिबेट्स
काउंटरवर वाकून बघतो.
खेळतेस वाटतं, मोठ्या टेबलावर?
नाही. एकदाही नाही.
आणि हा?
हाही नाही. आचाऱ्याची भूक मेलेली असते.
मग कशाला एवढं?
मी चिप्स गोळा करते. पावती फाडते.
पेयोमामा खिडकीबाहेर बघत राहतो
जणू प्रश्न रस्त्याला विचारला होता.

एकोणिसावी रात्र.
मी खरं तर विजेच्या बिलाचा विचार करत होते.
बोटांनी तेवढ्यात उरकून घेतलं.
जाकिटाची चेन वर ओढावी
तसा एक बारीक, सरळ आवाज,
आणि दोन चळतींची एकच चळत
माझ्या तळहाताखाली उभी.

मी वर बघते. मामाचे डोळे मिटलेले.
'दोन एका रंगाच्या एकावर एक बसल्या,' तो म्हणतो.
'खालून दुसरी आणि तिसरी.'

मी मोजते.
हिरवी. लाल. लाल.

तीन वाजता तो उठतो, भिंत धरून.
टेबल सोडताना डीलर टाळी वाजवतो,
मग दोन्ही तळवे वर धरतो छताकडे,
कॅमेऱ्याला दिसावं, हात रिकामे आहेत.
मामा डावा हात पडलेल्या उजव्यावर आपटतो,
डावा तेवढा उलगडून वर धरतो.
छताला नुसता धुराचा अलार्म,
त्याचा लाल ठिपका लुकलुकतो.

मी पुन्हा वेगळ्या करते. तीन इकडे. तीन तिकडे.
'उद्या आठ घे,' दारातून आवाज येतो.
'आणि टॉवेल धू. कॉफीचा वास मारतोय.'